वणीहून वणीला, व्हाया ओझर

आमच्या घराण्यात माझ्यापुरतं एक गणित ठरलेलं आहे. मी सांगितलेल्या वेळेत दीड तास मिळवायचा आणि मी सांगितलेल्या अंतराला तिनानं भागायचं. मी 'निघालो' म्हणालो की न्हाणीघरात बादली अजून भरतेय आणि 'हा काय, पोचलोच' म्हणालो की गाडीची किल्ली सापडत नाहीये, हे आमच्यातली शेंबडी पोरंसुद्धा ओळखतात. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. माणसाची पत असते तशी थापेचीही असते. आमच्या नाशिक रोडला नोटा छापतात, पण गावात जास्त खपतो तो माझाच माल.

मात्र भाचीच्या लग्नाच्या दिवशी या गणितानं माझा गळा धरला.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी, अकोल्याला दिलेली. तिची एकुलती एक लेक म्हणजे माझी ही भाची. पाच वर्षांची असताना एकदा सुट्टी संपली तरी आमच्याकडून हलेना. स्टेशनला जायला रिक्षा दारात उभी, आणि ही माझ्या सदऱ्याला लोंबकळून भोकाड पसरून बसलेली. मी म्हणालो, "रडू नको. तुझ्या लग्नात तुला मांडवात आणणार कोण? मीच. आणि येणार कसा माहितेय? विमानानं. मांडवाच्या दारातच उतरवणार."

तिनं नाक पुसलं. "मग वाजंत्रीवाले उडून नाही जाणार?"

"त्यांना दोरीनं बांधून ठेवू."

त्या दोरीच्या भरवशावर ती रिक्षात बसली.

आपल्याकडे मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी हाक देतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' खोलीपासून बोहल्यापर्यंत पंचवीस पावलं, त्यात सात-आठ पावलं तर लोकांच्या खुर्च्या चुकवण्यात जातात. अख्ख्या लग्नात मामाला एवढंच काम. पण ती पंचवीस पावलं मी वीस वर्षं मनातल्या मनात चालत होतो. चालून चालून तिथली फरशी झिजली असेल.

साखरपुडा अकोल्याला झाला. मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही वणीचे. लग्न वणीलाच करू, आमची हौस आहे."

मी त्यांच्या हातावर टाळीच दिली. "अहो, मग तुम्ही आमचे शेजारी निघालात! वणी म्हणजे आमचं परसदार. दात घासत घरातून निघालो तर चूळ भरायला वणीत!"

सगळे खो खो हसले. बहीण तर डोळ्याला पदर लावून हसली. मी आपला खूश. पण ते हसले थाप म्हणून, आणि मी मात्र त्या दिवशी चुकून खरं बोललो होतो. माझ्या डोक्यातली वणी म्हणजे दिंडोरीच्या पुढची, सप्तशृंगीच्या पायथ्याची, आमच्या घरापासून दीड तासावर. त्यांची वणी यवतमाळ जिल्ह्यातली. नागपूरला उतरून आणखी अडीच तास जायचं, तेव्हा लागते ती.

घरी आल्यावर बायकोनं विचारलंही, "अहो, कुठली वणी?"

"वणीला काय जुळं झालंय?" मी म्हणालो. "वणी एकच. देवीची."

मग पत्रिका आली, मोबाइलवर. वर गणपती, मध्ये नावं, खाली ठळक अक्षरात वणी, गोरज मुहूर्त, सायंकाळी सहा वाजून एकवीस मिनिटं. त्याखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. बारीक अक्षरात लोक 'आहेर आणू नये' लिहितात, म्हणून मी ते वाचत नसतो.

बहिणीचा फोन आला, "दादा, हळदीला आदल्या दिवशी येतोयस ना?"

माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. द्राक्षांचा हंगाम भरात, त्या दिवशी माल उतरायचा होता. म्हणालो, "लग्नाच्या दिवशी सकाळी निघतो. वणी काय लांब आहे?"

ती हसली. "हो बाई, तुझं विमान आहे ना!" तिला मी पूर्वी सांगून ठेवलं होतं की समृद्धीवरून नागपूर मी चार तासांत गाठतो आणि वाटेत दोनदा जेवतो. तिला वाटलं, दादा पहाटेच निघणार आणि नेहमीसारखी फुशारकी मारतोय. थापाड्या माणसाची चूक अशी थापेखाली झाकली जाते, कुणाला दिसतच नाही.

तर लग्नाच्या दिवशी साडेआठला आम्ही दोघं निघालो. डिक्कीत फेटा आणि द्राक्षांची एक पेटी. दहाला वणीत. कार्यालय शोधायला लागलो तर सापडेना. एका चहाच्या टपरीवर बाई दूध ओतत होत्या. त्यांना नाव सांगितलं.

"आपल्या वणीत नाय असं कार्यालय, दादा."

"अहो, मोठं आहे. दोन हजार माणूस बसतं म्हणाले."

"दोन हजार? मग आमाला नसतं का दिसलं? पत्रिका दावा बरं."

मोबाइल त्यांनी डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि ते बारीक अक्षर, जे मी महिनाभर वाचलं नव्हतं, ते दोन सेकंदांत वाचलं. "जिल्हा यवतमाळ लिवलंय की हो!"

बाकावरचा एक म्हातारा चहा बशीत तसाच ठेवून उठला. "लय लांब हाय ते. आमचा नातू कोळशाच्या खाणीत व्हता तिकडं. एक रात अन् अर्धा दिवस लागायचा त्याला यायला."

मी मोबाइलच्या नकाशावर वणीपासून वणीपर्यंत रस्ता मागितला. त्यानं जे तास दाखवले ते रात्री साडेआठला संपत होते. मी त्यांना तिनानं भागून बघितलं. भागले जाईनात.

 आमच्या तीस वर्षांच्या संसारात बायको बोलली तेव्हा मी कधी घाबरलो नाही. ती गप्प बसली आणि मी गाडीची किल्ली चाचपायला लागलो. तिनं गडाच्या दिशेनं हात जोडले, पिशवीतून चष्मा काढला आणि आपला मोबाइल उघडला.

"ओझरहून नागपूरला बारा वीसचं विमान आहे. चार जागा आहेत. काढते."

"अगं, पण..."

"गाडी काढा."

चहावाल्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "आता लगीन सापडल्यावर या."

वणी ते ओझर मी कसा आलो हे विचारू नका. पिंपळगावपर्यंत द्राक्षांच्या पिकअप गाड्यांची रांग, आणि त्या रांगेतून मी अशी गाडी काढली की दोन-चार घड वाळून बेदाणे झाले असतील. शेजारी बायको मोबाइलवर वाचून दाखवत होती. एक पान म्हणत होतं, ओझर ते नागपूर सरळ पट्टी धरून साडेपाचशे किलोमीटर, उड्डाणाला पाऊण तास. दुसरं पान म्हणे एक तास दहा मिनिटं. आणि तिकिटावर दीड तास.

"तिघांतलं खरं कोण?" मी विचारलं.

"मला काय विचारता? हे तर तुमचंच क्षेत्र."

ओझरला खिडकीवरच्या मुलीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "काका, पाऊण तास म्हणजे नुसतं वर उडण्याचा. वळणं, रांगा, चढणं, उतरणं त्यात नसतं."

म्हणजे हे 'निघालो' सारखंच झालं. मला त्या पानाबद्दल एकदम बंधुभाव वाटला. पण प्रेम करायला वेळ नव्हता, कारण ती पुढं म्हणाली, "आणि तुमचं विमान अजून यायचंय. ते उत्तरेत धुक्यात अडकलं होतं. एक पंचावन्नला सुटेल."

मी खुर्चीवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा खरा हिशोब मांडला. एक पंचावन्न आणि दीड तास, तीन पंचवीस. विमानातून बाहेर पडून टॅक्सीत बसेपर्यंत पावणेचार. पुढं अडीच तास. सव्वासहा. मुहूर्त सहा एकवीस. साडेपाचशे किलोमीटर आकाश आणि त्यापुढं सव्वाशे किलोमीटर रस्ता, आणि हातात शिल्लक सहा मिनिटं. तेवढ्यात मला बुटाची नाडीही बांधता येत नाही.

फोन वाजला. बहीण.

"दादा, कुठवर आलास? कारंजा गेलं का?"

'गेलं' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तो गिळला.

"मी ओझरला आहे. विमानतळावर. माझी चूक झाली गं. मी आपल्या वणीला गेलो होतो. देवीच्या."

पलीकडे क्षणभर सनई ऐकू आली. मग ती खळखळून हसली. "दादा, आज नको रे! आज तरी खरं सांग."

"खरंच सांगतोय. सव्वासहाला पोचतो."

हसू थांबलं. "सव्वासहा? म्हणजे पावणेआठ."

तिनं दीड तास मिळवला होता. मुद्दाम नाही, सवयीनं. हाक आली की आपण मान वळवतो तसं. मी "नाही गं, सव्वासहा म्हणजे सव्वासहा" असं तीनदा म्हणालो, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज मलाच थापेसारखा ऐकू आला. इतकी वर्षं मी खोटं इतकं छान बोललो होतो की खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाजच उरला नव्हता.

बायकोनं हातातून मोबाइल घेतला. "वन्सं, हे खरं बोलताहेत. सव्वासहा. त्यात काही मिळवू नका."

 मग बहीण म्हणाली, आणि आता तिचा आवाज ओला होता, "वहिनी, इथले गुरुजी मिनिट सोडत नाहीत. आमचा चुलतभाऊ तीन दिवसांपासून इथं आहे, सकाळपासून फेटा बांधून बसलाय. सहा वीसला दादा दारात नसला तर पोरीचा हात तोच धरेल. माझा नाइलाज आहे."

हा चुलतभाऊ म्हणजे असा माणूस की घड्याळ मागं पडलं तर ते त्याला विचारून वेळ लावतं. आयुष्यात त्याची एक गाडी चुकलेली नाही. मला तो लहानपणापासून आवडत नाही.

थोड्या वेळानं भाचीचा संदेश आला. 'मामा, विमान दारातच उतरव. दोरी तयार ठेवलीय.' मी तो बायकोला दाखवला नाही. चष्मा पुसायला लागलो.

विमान एक पंचावन्नलाच सुटलं. खाली द्राक्षबागा अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांसारख्या दिसल्या आणि मग ढग आले. मांडीवर द्राक्षांची पेटी. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. बायको म्हणाली, "बघून काटे हळू चालत नाहीत." तीन वाजून दहा मिनिटांनी नागपूर दिसलं. इमारती, रस्ते, सगळं हाताशी आलं, आणि विमान परत वर गेलं. घोषणा झाली, गर्दी आहे, थोडं थांबावं लागेल. ते आकाशात घिरट्या घालत राहिलं. मला खाली जमीन दिसत होती आणि माझी सहा मिनिटं एकेक करून पंखावरून घसरून पडत होती. चाकं टेकली तेव्हा तीन एकतीस. सहाही गेली होती.

टॅक्सीवाला मिळाला तो पान लावलेला, निवांत. "वणी? होऊन जाते जी. अडीच घंटे."

"सव्वादोन होतील का?"

"कोळशाचे ट्रक नाही भेटले तं होतीन बी."

मी त्याला द्राक्षांची पेटी पुढच्या सीटवर उघडून दिली. "लाच आहे," म्हणालो. तो एक मणी तोंडात टाकून हसला आणि त्यानं गाडी अशी सोडली की वरोऱ्यापर्यंत बायकोनं देवीची तीन स्तोत्रं संपवली. मी मागच्या सीटवर फेटा बांधून तयार. सहाला पाच कमी असताना वणीचा पहिला फलक दिसला. मी खिडकीतून त्याला रामराम घातला.

मग ट्रक लागले. एकामागे एक, काळे, वर ताडपत्री, रस्ताभर धूळ. ते ओलांडतो तोच रेल्वेचं फाटक पडलं. सहा आठ. समोरून कोळशाची मालगाडी निघाली. मी डबे मोजायला लागलो आणि चाळिसाला सोडून दिलं. ती गाडी इतकी लांब होती की तिचं इंजिन त्या वणीतून गेलं तेव्हा तिचा शेवटचा डबा आमच्या वणीत असावा.

"काहून घाबरून राह्यले, मामाजी?" ड्रायव्हर म्हणाला. "इकडले लगन टायमावर नाही लागत."

"इथले गुरुजी मिनिट सोडत नाहीत," मी म्हणालो.

फाटक उघडलं तेव्हा सहा अठरा. अजून चार किलोमीटर. सहा वीसला फोन वाजला. बहीण. मी उचलला नाही. तिनं 'हात त्याला धरायला सांगितला' असं म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं. घंटी वाजून वाजून थांबली. सहा एकवीस झाले. बावीस झाले. मी फेटा डोक्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. बायकोनं तो उचलला, नीट केला आणि परत माझ्या डोक्यावर ठेवला. 

गावात शिरलो आणि चौकात गाडी थांबली. पुढं रस्ताच नव्हता, नुसती माणसं. धूर, दिवे, आणि असा ढोल की टॅक्सीच्या काचा थरथरायला लागल्या.

"कुणाची तरी वरात आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आता बसा जी अर्धा घंटा."

मी डोकं बाहेर काढून ओरडणार होतो. तेवढ्यात बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अहो. त्या घोड्यावर बघा."

मी बघितलं. फेट्याला तुरा, हातात नारळ, चेहऱ्यावर घाम. साखरपुड्यात मीच त्याला पेढा भरवला होता.

"हा तर आपला जावई!"

"मग? नवरदेवच इथं, तर लग्न कुणाचं लागतंय?"

मी टॅक्सीतून उतरलो नाही, सांडलो. सहा छत्तीस. नवरा माझ्या पुढं, बोहलं नवऱ्याच्या पुढं, आणि मला दोघांच्या मध्ये घुसायचं. पण वरातीतून सरळ चालत कुणी जाऊ शकत नाही. कुणीतरी "मुलीचे मामा आले!" असं ओरडलं आणि मला ओढून गोलात घेतलं. मग मी नाचलो. साठीला टेकलेल्या गुडघ्यांनी नाचत, दर चार ठेक्यांना दोन पावलं पुढं सरकत, मी अख्खी वरात ओलांडली. शेवटी ढोलवाले. एकाला विचारलं, "कुठले रे तुम्ही?"

"नाशिकचे, काका! पंचवटीचे!"

नाशिकहून ते काल रात्रीच, बरोबर वणीला, वेळेवर पोचले होते. त्यांनी बारीक अक्षर वाचलं असणार.

कार्यालयाच्या दारात चुलतभाऊ उभा. फेटा, उपरणं, मनगटावर घड्याळ. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. फेटा एका कानावर, अंगभर कोळशाची धूळ.

"मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली," तो म्हणाला.

"मग घोड्याला सांग," मी म्हणालो.

आत बहीण धावत आली. "फोन का नाही उचललास? वरात अडकलीय, धावू नकोस, हे सांगायला केला होता!" मग माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकता झटकता तिथंच रडायला लागली. गुरुजी बोहल्यावरून म्हणाले, "असू द्या, असू द्या. गोरज म्हणजे गाईंच्या खुरांची धूळ. ती खाली बसेपर्यंत मुहूर्त असतो, आणि आमच्या वणीत धूळ कधीच बसत नाही."

हा माणूस माझ्याही वरचा निघाला. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

नवरदेव आला, अंतरपाट धरला गेला, आणि गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

चुलतभाऊ एक पाऊल मागं सरकला. तेवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

खोलीचं दार उघडलं. भाची उभी होती, पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून. मी हात पुढं केला. तिनं धरला. बर्फासारखा गार होता. पहिली दहा पावलं मी मोजली. अकराव्या पावलाला एक खुर्ची आडवी आली, ती चुकवताना ती माझ्या कानाशी वाकली.

"मामा, खरंच विमानानं आलास?"

"खरंच."

तिनं मिळवणी केली नाही, भागाकार केला नाही. नुसती हसली. मग दोन पावलांनी परत विचारलं, "आणि आलास कुठून? आई म्हणतेय, वणीहून. कुठल्या वणीहून?"

"दोन्ही," मी म्हणालो, आणि उरलेली पावलं सावकाश चालायला लागलो.